उसने विरजण

घरात दूध भरपूर असावे, ते तापवून कोमट करूनही ठेवलेले असावे, आणि विरजणाची वाटी मात्र रिकामी निघावी, असा प्रसंग जिच्यावर आला नाही तिने प्रपंचच केला नाही असे म्हणावयास हरकत नाही. अशा वेळी शेजारच्या दाराशी वाटी घेऊन जावे लागते. चमचाभर विरजण मिळते, सकाळी भांडेभर दही लागते, आणि ते दही शेजारणीचे आहे असे कोणीही म्हणत नाही. ही गोष्ट आमच्या मातुःश्रींस जन्मभर ठाऊक आहे. आम्हांस ती पन्नाशी उलटल्यावर, आणि तीही चिरंजिवांच्या एका खेळामुळे कळली, हे सांगताना आम्हांस थोडा संकोच होतो.

दर रविवारी दुपारी आमच्या डोंबिवलीच्या घरी पाच तरुण मंडळी जमत. त्यांत एक मुलगी कल्याणहून येई, दोघे ठाण्याहून येत. जेवणाच्या टेबलाभोवती बसून ही मंडळी जो खेळ खेळत, त्याचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. या खेळात पट असलाच तर नावापुरता, आणि जिंकणारा कोणीच नसतो. प्रत्येक गड्याने एक सोंग घ्यावयाचे. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एकाने सूत्रधार होऊन प्रसंग सांगावयाचा, आणि इतरांनी ‘मग आम्ही असे करतो’ म्हणून त्यास उत्तर द्यावयाचे. करणी साधली की फसली, हे वीस पैलूंचा फासा ठरवितो. अशी एक कथा महिनोन्महिने चालते. तिला ते मोहीम म्हणतात. आमचे चिरंजीव या मोहिमेचे सूत्रधार होते. नोकरीसाठी जून महिन्यात त्यांस बंगळूरास जावयाचे होते, म्हणून ही मोहीम शेवटची.

एके रात्री ते आमच्या खोलीत आले आणि म्हणाले, “बाबा, मोहिमेसाठी काही पुस्तके सुचवाल का? बाहेरून काहीतरी नवे आणायला हवे.”

सुज्ञ वाचकांपैकी जे पिते असतील त्यांस आमची त्या क्षणीची अवस्था वर्णन करून सांगावयास नको. सुमारे तीस वर्षे आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो. परंतु चिरंजिवांनी आमच्याकडे पुस्तक मागितल्यास दहा वर्षे लोटली होती. आम्ही रात्री दोनपर्यंत जागून सत्तावीस ग्रंथांची यादी केली. तीत मॅलरी होता, स्पेन्सर होता, टॉनीने इंग्रजीत आणलेला कथासरित्सागर होता, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी भाषेतील सुरस गोष्टी होत्या. एन्थोव्हेनचे १९१५ सालचे कोकणच्या लोकसमजुतींवरील पुस्तक होते. ए. एम. टी. जॅक्सन यांनी गोळा केलेल्या टिपणांवरून हा ग्रंथ सिद्ध झाला. हेच जॅक्सन १९०९ साली नाशकास अनंत कान्हेरे यांच्या गोळीस बळी पडले. आणि मौज अशी की, साहेबाच्या नावावर निघालेल्या या ग्रंथातील भुतेखेते त्यास गावोगावच्या आपल्याच शाळामास्तरांनी कळविलेली आहेत.

चिरंजीव आज्ञाधारक. त्यांनी यादीतील बरेच ग्रंथ खरोखरीच चाळले, आणि त्याचा परिणाम असा झाला की मोहीम मेली. पहिल्या रविवारी अर्धा तास एका राज्याची वंशावळ सांगण्यात गेला. दुसऱ्या रविवारी भुतांच्या अकरा जातींचे लक्षणांसह विवेचन झाले. तिसऱ्या रविवारी ठाण्याचे दोघे आलेच नाहीत. संध्याकाळी रिकाम्या कपबशा उचलताना चिरंजीव एवढेच म्हणाले, “पुस्तके चांगली आहेत, बाबा. पण खेळायचे कधी?”

हा प्रश्न आमच्या वर्गात इतक्या वर्षांत कोणी विचारला नाही. तेथे हजेरी असते, त्यामुळे विद्यार्थी उठून जाऊ शकत नाहीत, एवढाच काय तो फरक.

दोष उसनवारीचा म्हणावा, तर हा खेळ मुळात उसनवारीवरच उभा आहे. १९७९ साली गायगॅक्स यांनी सूत्रधारांसाठी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या एका परिशिष्टात आपणांस स्फूर्ती देणाऱ्या लेखकांची नावे त्यांनी मोकळेपणाने दिली आहेत. मांत्रिकाने मंत्र एकदा उच्चारला की तो त्याच्या स्मृतीतून पुसला जाई, हा या खेळातील प्रसिद्ध नियम जॅक व्हान्सच्या कथांतून घेतलेला. मूळ प्रकाशकाखेरीज इतरांनी, म्हणजे आपल्या भाषेत तिऱ्हाइतांनी, या खेळास पूरक पुस्तके काढण्याची रीतही जुनी. ‘जजेस गिल्ड’ नावाची संस्था १९७६ पासूनच ती काढू लागली. २००० साली खेळाच्या मालकांनी खुला परवाना देऊन तिऱ्हाइतांस राजरोस वाट करून दिली. २०२३ च्या जानेवारीत हा परवाना आवळण्याचा बेत बाहेर पडला तेव्हा खेळणाऱ्यांनी एवढा गहजब केला, की त्याच महिन्यात मालकांस मुख्य नियम सर्वांस कायमचे खुले करावे लागले. विरजणाची वाटी एकदा आळीभर फिरली की ती परत मागता येत नाही, हे त्यांसही कळले असावे.

मग आमचेच दही का नासले? याचे उत्तर शोधीत आम्ही चिरंजिवांची पुस्तके चाळू लागलो, आणि पहिल्याच पुस्तकात आमचा पारा चढला. त्यात ‘राक्षस’ या नावाखाली चक्क वाघाच्या डोक्याचा, उलट्या पंजांचा, नळी ओढीत बसलेला एक गृहस्थ होता! रामायणाशी याचा संबंध काय? आपल्याकडे उलटे असतात ते हडळीचे पाय. चौकशी करता समजले की या प्राण्याचे बरेचसे गुण १९७४-७५ मधील ‘कोल्चॅक’ नावाच्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतून आले आहेत. आम्ही हे सोपपत्तिक सिद्ध करून दाखविले. चिरंजिवांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “असेल. पण गेल्या वर्षी तो आमच्यातल्या एकाचा मित्र बनून आला, आणि दोन महिने कोणाला पत्ता लागला नाही. शेवटी सगळे हादरले.”

आम्ही निरुत्तर झालो. सोंग पालटून विश्वासघात करणे हा मारीचाचाच गुण. तेवढा चमचाभर अंश त्या परदेशी मालिकेतूनही जिवंत पोहोचला होता. आमच्या यादीत सर्व काही अस्सल होते, परंतु कोणाला हादरविण्याचे सामर्थ्य त्यात उरले नव्हते.

याच्या उलट बाजूचा धडा मातुःश्रींनी दिला. १९८० सालच्या एका पुस्तकात जगातील देवदेवता आकडेवारीसह दिल्या आहेत. त्यांत इंद्र, अग्नी, विष्णू हेही आहेत. किती घाव बसले म्हणजे देव पडेल, याचाही आकडा त्यात असतो. चिरंजिवांनी हे गमतीने आजीस वाचून दाखविले. ती खळखळून हसली. मग जपमाळ उचलता उचलता म्हणाली, “इंद्राचं काय ते चालू द्या. तो पुराणातसुद्धा मारच खातो. पण देव्हाऱ्यातला देव फाशावर लावू नका रे बाळांनो. फाशावर काय काय लावलं गेलं ते भारतात वाचलंय मी.”

त्या दिवसापासून टेबलावर नियम झाला: पाचांपैकी कोणाच्याही घरी ज्याच्यापुढे निरांजन लागते, तो मोहिमेत येणार नाही. हा नियम कोणाच्या भीतीने केलेला नव्हता. समोरचा गडी आपला मित्र आहे, एवढेच त्याचे कारण. दुसरा नियम त्यांच्या अनुभवातून निघाला. पूर्वी एका गड्याने कुठल्याशा तिऱ्हाईत पुस्तकातून अशी काही विद्या आणली होती, की तो एकटाच सर्व लढाया जिंकी आणि बाकीचे चहा पीत बसत. तेव्हा जे आणावयाचे ते एकाच्या अंगावर दागिना म्हणून न चढता सर्वांच्या हातांस काम देते की नाही, हे आधी पाहावयाचे. तिसरा नियम मात्र आम्ही स्वतः सुचविला, व तो आमच्याविरुद्ध होता: सूत्रधारास जे पुस्तक मिटून चार वाक्यांत सांगता येत नाही, ते अजून त्याचे झालेले नाही.

हा नियम पाळावयाचा तर आमच्याजवळ सांगण्यासारखी चार वाक्ये कोणती, असा प्रश्न आला. आणि येथेच आमच्या विद्वत्तेची खरी फजिती झाली. ठाणे हे एके काळी श्रीस्थानक होते आणि उत्तर कोकणावर शिलाहार राजांचे राज्य होते, इतके आम्हांस माहीत होते. कल्याणच्या पलीकडील अंबरनाथचे शिवालय शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० चे, हेही मुलांच्या सहलीबरोबर जाऊन पाहिले होते. परंतु याच राजघराण्याच्या आश्रयास असलेल्या सोड्ढल नावाच्या कवीने अकराव्या शतकात ‘उदयसुंदरीकथा’ रचली, तीत प्रतिष्ठानचा राजा आणि नागकन्या यांची अद्भुत प्रेमकथा आहे, आणि हा ग्रंथ १९२० साली बडोद्यास छापूनही निघाला आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ज्या ठाणे स्टेशनातून आम्ही वर्षानुवर्षे बगलेत स्पेन्सर घेऊन गेलो, त्याच्या आसपास कोठेतरी अशा कथा राजसभेत वाचल्या जात होत्या! परक्याची वाटी घेऊन आम्ही सात समुद्र ओलांडले होते, आणि आमच्याच फडताळात विरजण झाकून ठेवलेले होते.

या वेळी आम्ही यादी केली नाही. शिलाहार आपणांस जीमूतवाहन विद्याधराचे वंशज म्हणवीत, त्या जीमूतवाहनाची गोष्ट तेवढी चहा पिता पिता सांगितली. गरुडास रोज एक नाग बळी द्यावा लागे. एका नागमातेचा आक्रोश ऐकून हा परका राजपुत्र तिच्या मुलाऐवजी स्वतः वधशिलेवर जाऊन बसला. शिलेवरचा आहार, म्हणून शिलाहार, अशी त्या नावाची उपपत्ती सांगतात. हर्षाने यावर नाटक लिहिले, हे आमच्या ओठांवर आले होते. आम्ही ते चहाबरोबर गिळले.

पुढच्या रविवारी पाचही जण आले. चिरंजिवांनी शिलाहारांचे नावही घेतले नाही. एवढेच सांगितले: खाडीच्या काठी, ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकावर तांबडे वस्त्र पांघरून एक तरुण बसला आहे, दूर एक म्हातारी आपल्या मुलास पोटाशी धरून उभी आहे, आणि आकाशात काहीतरी मोठे येत आहे. तुम्ही काय करता?

योद्धा म्हणाला, तरुणास ओढून काढू. कल्याणची मुलगी म्हणाली, मग तो पोरगा जाईल. चोर म्हणाला, गरुडासच मारू. मांत्रिकाने विचारले, आणि तो उपाशी मेला तर त्याच्या घरट्यात कोण आहे, हे पाहिले आहेस का? दोन तास वाद झाला. वीस पैलूंचा फासा टेबलाच्या मध्यभागी तसाच पडून राहिला. आतल्या खोलीत आमच्या मातुःश्री जप थांबवून ऐकत होत्या, आणि दाराआड उभे राहून आम्हीही. शेवटी कल्याणची मुलगी हळूच म्हणाली, “मी त्याच्या शेजारी जाऊन बसते.” त्यावर कोणी काही बोलले नाही.

जूनमध्ये चिरंजीव बंगळूरास गेले. सत्तावीस ग्रंथांची यादी अद्याप त्यांच्या मेजाच्या खणात आहे. आवरताना सापडली, आम्ही ती पुन्हा तेथेच ठेवली. परवा त्यांचा दूरध्वनी आला. तेथे नवे सोबती मिळाले आहेत, कोणी कानडी, कोणी मल्याळी. नवी मोहीम सुरू झाली आहे आणि तिचा आरंभ त्याच खडकापासून केला आहे. सर्व सांगून झाल्यावर ते म्हणाले, “बाबा, आणखी एखादी गोष्ट सांगा ना.”

आम्ही कपाटाकडे पाहिले. मग पाठ फिरवून बसलो, आणि एकच सांगितली.