मावळत नाही असा दिवस
(स्वालबार्डची दैनंदिनी : लेखांक ३)

७ जुलै, लाँगइयरब्येन

रात्रीचे साडेबारा वाजलेत. खिडकीचा जाड पडदा बाजूला केला, तर समोरच्या डोंगरावर लख्ख ऊन पडलेलं. स्वालबार्ड बेटांवरच्या, ७८ अंश उत्तर अक्षांशावरच्या या गावात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात वर आलेला सूर्य २३ ऑगस्टच्या सुमाराला पहिल्यांदा मावळतो. पुढे ऑक्टोबरअखेर तो जातो, तो थेट फेब्रुवारीच्या मध्यावर परत येतो. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्याचा हा सगळा परिणाम.

चोवीस तास ऊन असूनही पारा सहा अंशांवर. कारण सूर्य भर दुपारीही ३५ अंशांच्या वर चढत नाही. तिरपं ऊन जास्त जागेवर पसरतं, त्याला हवेचा जाड थर ओलांडावा लागतो, आणि जे पोचतं त्यातलं बरंचसं बर्फ परत पाठवून देतो. ताजा हिम उन्हाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परतवतो, तर उघडा समुद्र ९० टक्क्यांहून अधिक गिळतो. ध्रुवप्रदेशाचा थंडपणा असा त्याच्या पांढरेपणावर टिकून आहे. या प्रवासात मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतंय ते एवढंच.

इथं लोकमान्य टिळकांची आठवण येणं अपरिहार्य आहे. १९०३ च्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये त्यांनी उषासूक्तांतल्या लांबलेल्या पहाटेवरून आर्यांचं मूळस्थान उत्तर ध्रुवाजवळ मांडलं. तो निष्कर्ष आज मानला जात नाही. पण ध्रुवावरची पहाट कित्येक आठवडे क्षितिजाभोवती फिरत राहते, हे खगोलाच्या हिशेबाने खरंच आहे. हा प्रदेश न पाहता ती पहाट त्यांनी मनापुढे उभी केली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

८ जुलै

निघताना घरातल्या मुलांनी पेंग्विनचे फोटो मागितले होते. ते इथं मिळायचे नाहीत. पेंग्विन दक्षिणेचे, पांढरी अस्वलं उत्तरेची. दोन्ही टोकं घडणीतच वेगळी आहेत. उत्तरेला जमिनीने वेढलेला समुद्र आहे, त्यावर काही मीटर जाडीचा तरंगता बर्फ. दक्षिणेला समुद्राने वेढलेलं अखंड खंड, त्यावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ. म्हणूनच अंटार्क्टिका कितीतरी अधिक थंड. १९८३ च्या जुलैत तिथल्या व्होस्तोक केंद्रावर उणे ८९.२ अंश नोंदले गेले.

गावातली घरं खांबांवर उभी आहेत. खालची जमीन बारमाही गोठलेली. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा विरघळतो आणि हलतो.

गावाबाहेर बंदूक घेतलेली वाटाडी बरोबर असल्याशिवाय आम्ही पाऊल टाकलं नाही, अस्वलांचं भय खरंच आहे. तिने एके ठिकाणी गुडघ्यावर बसून शेवाळ बाजूला केलं. खाली करंगळीच्या नखाएवढी गोल, चकचकीत पानं. ध्रुवीय विलो. हा वृक्षांच्या कुळातला, पण त्याची फांदी जमिनीला चिकटून सरपटते आणि उंची जेमतेम काही सेंटिमीटर. वारा जिथे कमी, तिथेच तो जगतो. मी बराच वेळ पालथा पडून ती पानं बघत राहिलो. परतताना कुररी पक्ष्यांनी डोक्यावर झडप घातली; त्यांची घरटी वाटेलगतच असतात. हाच पक्षी दरवर्षी इथून अंटार्क्टिकाच्या समुद्रापर्यंत जातो आणि परत येतो.

९ जुलै, काँग्सफ्योर्ड

जहाज हिमनदीच्या कड्यापासून बरंच लांब थांबवलं, कारण कडा कधीही कोसळतो. भेगांमधला बर्फ निळा दिसतो. दाबाने बरीचशी हवा निघून गेलेला बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो, निळा तेवढा बाहेर येतो. खाली पाण्यात विरघळणारे तुकडे सतत तडतडत होते. त्यांत कोंडलेली जुनी हवा सुटत होती. तरंगता बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. जमिनीवरून घसरत येणाऱ्या या बर्फाने मात्र वाढते.

१० जुलै, न्यू-ऑलेसुंड

धक्क्याला लागण्याआधीच सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले. इथल्या संशोधनाला रेडिओलहरींचा अडथळा चालत नाही. एकेकाळी हे कोळशाच्या खाणीचं गाव होतं. १९६२ च्या अपघातात २१ कामगार गेले आणि खाण बंद झाली. गावाबाहेर अजून तो लोखंडी मनोरा उभा आहे, जिथून मे १९२६ मध्ये आमुंडसेन, नोबिले आणि एल्सवर्थ ‘नोर्गे’ या वायुनौकेतून ध्रुवावरून अलास्काला गेले.

आणि ‘हिमाद्री’! २००८ पासूनचं भारताचं केंद्र. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. इथल्या बदलांचा आपल्या मान्सूनशी काय संबंध, हा केंद्राच्या अभ्यासाचा एक विषय. २०१४ मध्ये याच काँग्सफ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या या खाडीच्या, पाण्यात भारताने उपकरणांची साखळी सोडली, तापमान आणि क्षारता मोजायला.

हा फ्योर्ड पूर्वी हिवाळ्यात आतल्या बाजूला पक्का गोठायचा. २००६ च्या सुमारापासून अटलांटिकचं उबदार पाणी आत शिरतं आणि बर्फ नीट धरतच नाही. पांढरं गेलं की काळं पाणी ऊन गिळतं, आणखी तापतं, आणखी बर्फ जातो. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलाय. मला याचा मनापासून त्रास होतो.

संध्याकाळी कप्तानाने बर्फाचा ताजा नकाशा भिंतीवर लावला. बर्फाची कड ऐंशीव्या अक्षांशाच्याही वर आहे. जेवण लवकर उरकायला सांगितलंय. रात्रभर तिकडेच जायचं आहे.

(क्रमशः)