काकांची करवत, आमची साखळी

वारसा म्हटला की वसईकडील माणसाच्या डोळ्यांसमोर बावखलाकाठची वाडी उभी राहते, चार माड येतात, फार तर आजीच्या गळ्यातील सोन्याचे मणी येतात. आमच्या वाट्याला आली ती पेट्रोलवर चालणारी एक करवत.

आमचे थोरले काका १९७२ साली कॅनडात गेले, ऑटवा नगराच्या पश्चिमेस थोडे रान आणि एक लाकडी घर घेऊन राहिले व गेल्या हिवाळ्यात तेथेच ख्रिस्तवासी झाले. त्यांची मुले व्हॅन्कूव्हर आणि टोरांटो येथे स्थायिक आहेत. घरदार, पैसा-अडका यांची रीतसर वाटणी झाली. करवतीपुढे मात्र काकांनी आमचे नाव लिहून ठेवले होते. आम्ही दिवसभर आकडे जुळवणारे हिशेबनीस. आमच्यात त्यांना कोणता लाकूडतोड्या दिसला हे विचारायची सोय आता उरली नाही. एक चुलतभाऊ म्हणाला, जुन्या यंत्रांचा संग्रह करणारे हौशी लोक असतात, त्यांना विकून टाक. दुसऱ्याने बॅटरीवर चालणारी नवी करवत घेण्याचा सल्ला दिला. दोघांचेही म्हणणे गैर नव्हते. पण काकीची शेगडी लाकडावर चालते. २१ मे २०२२ रोजी ऑन्टारिओ आणि क्वेबेक प्रांतांतून जे भीषण वादळ गेले, त्यानंतर काकीकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि त्या काळात चूल पेटत राहिली ती काकांनी रचून ठेवलेल्या सरपणावर. मुलांकडे राहायला जाण्याची काकीची मुळीच तयारी नाही. तेव्हा सरपणाचा प्रश्न आपोआप आमच्याकडे आला, आणि आमचे घर तेथून तासाभराच्या अंतरावर असल्याने नाही म्हणायला जागाही नव्हती.

करवत होमलाइट कंपनीची, ‘एक्सएल-१२’ नावाची. शेतावरच्या घरांना उजेड देणारी छोटी जनित्रे बनविण्यापासून या कंपनीचा आरंभ झाला. नावातील उजेड तेथला. १९६३ साली तिने हे यंत्र बाजारात आणले आणि पट्टी व साखळी वगळता त्याचे जे वजन, १२ पौंड, म्हणजे जेमतेम साडेपाच किलो, तेच त्याच्या नावात घातले. एके काळी अशी करवत उचलायला दोन माणसे लागत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अभिमान समजतो. पुढे १९९४ साली कंपनी एकाकडे गेली, २००१ साली दुसऱ्याकडे. एक्सएल-१२ आता कोणीही बनवीत नाही. काकांनी आपली १९७६ साली घेतली. तिचा लाल रंग पकडीपाशी तेवढा उडाला आहे. बाकी यंत्र असे, की दोरी तिसऱ्यांदा ओढताच सुरू व्हावे. आजकालच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल जुन्या नळ्यांना आणि कार्बोरेटरमधील पातळ पडद्याला मानवत नाही, म्हणून काका मुद्दाम बिनइथेनॉलचे पेट्रोल आणीत आणि काम संपले की टाकी रिकामी करून ठेवीत. साखळीला तेल पाजण्यासाठी उजव्या अंगठ्याने एक कळ दर काही क्षणांनी दाबावी लागते. काकांच्या अंगठ्याने तेथे एक गुळगुळीत खळगा पाडला आहे.

करवतीबरोबर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आला. आत कानशी, एक वही आणि तेलकट कागदांत गुंडाळलेल्या तीन साखळ्या. पुड्यांवर मराठीत लिहिलेले: ‘स्वच्छ लाकूड’, ‘मातीचे व थंडीतले’, ‘संपली’.

यंत्र वारसाहक्काने मिळते, साखळी नाही, हे आम्हांला त्या डब्यापुढे बसल्यावर कळले. प्रत्येक धारेबरोबर दात थोडे झिजतात आणि एके दिवशी कानशीला घासायलाच काही उरत नाही. पहिल्या दोन पुड्यांतील दातही आता नखाएवढेच राहिले होते. म्हणजे नवी साखळी घेणे आले, आणि दुकानातील भिंतीवर तर पन्नास प्रकार टांगलेले!

मापे तीन. सलग तीन रिव्हेटांमधील अंतर मोजून त्याचे निम्मे केले की पहिले माप मिळते. आमचे निघाले ३/८ इंच. दुसरे माप पट्टीच्या खाचेत धावणाऱ्या दुव्यांच्या जाडीचे, ते ०.०५० इंच, म्हणजे सुमारे १.३ मिलिमीटर. तिसरे म्हणजे त्या दुव्यांची संख्या. आमच्या १६ इंची पट्टीला ६०. यांत एकही माप चुकून चालत नाही. त्यातही मेख अशी, की ३/८ इंचाच्या साखळ्या दोन कुळांच्या असतात: एक पूर्ण उंचीची आणि दुसरी लहान करवतींसाठीची बुटकी. कागदावर आकडा एकच, पण एकीच्या स्प्रॉकेटवर दुसरी बसवू नये. हिशेबनिसाला हे सारे सुखाचे वाटले. आकडे मोजून निकाल लागतो, वाद राहत नाही.

वाद पुढे होता, दाताच्या आकाराचा. त्याची कथा वाचकांना सांगण्याजोगी आहे. पूर्वी साखळीचे दात साध्या करवतीसारखे टोकदार असत. ते लाकूड ओरबाडत आणि लवकर बोथट होत. १९४६ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका बुंध्यातील अळीकडे बघत राहिला. बोटाएवढी ती अळी लाकडाच्या रेषेला आडवी जाई आणि उभीही जाई, कारण तिचे दोन जबडे उजवीकडून व डावीकडून आळीपाळीने कातरत. कॉक्सने पोलादात तसेच दात घडविले, एक उजवा, एक डावा, आणि १९४७ साली पोर्टलंड येथील आपल्या घराच्या तळघरात साखळ्यांचा धंदा सुरू केला. आजच्या बहुतेक सर्व साखळ्या त्या अळीच्या वंशातल्या. आपल्याकडे माडाच्या खोडाला कान लावून सोंड्या भुंग्याच्या अळीचे कुरतडणे ऐकणारी माणसे आम्ही लहानपणी पाहिली आहेत. ती अळीला शिव्या देत, तिच्याकडून काही शिकता येईल असे कोणाच्या मनात आले नाही. आणि येणार तरी कसे, माड आपला होता!

तर आजचे दात मुख्यतः दोन तऱ्हांचे. एकाचा कोपरा चौकोनी, पटाशीसारखा काटकोनात. स्वच्छ लाकडात तो झपाट्याने उतरतो, पण वाळू-माती लागली की कोपऱ्याची धार गेलीच. दुसऱ्याचा कोपरा गोलसर. तो जरा सावकाश चालतो, परंतु मळक्या आणि गोठलेल्या लाकडात धार टिकवून धरतो. काकांच्या दोन पुड्यांचा अर्थ हाच. चौकोनी दाताची साखळी ही काकांची आवडती, आणि आमचाही हात तिच्याकडेच जात होता. त्यांची करवत चालवायची तर त्यांच्यासारखी चालवावी, असा त्यामागे विचार.

काकीने तो हात अडवला. ती आतून काकांचे जुने हेल्मेट घेऊन आली. त्याच्या कपाळावर बोटभर लांबीचा खोल ओरखडा आहे. वहीत १९८१ सालच्या एका तारखेपुढे काकांनी दोनच शब्द लिहिले आहेत: ‘नाक लागले’. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग चालू असताना लाकडाला टेकला, की करवत एका क्षणाच्याही आत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडावर येते. हल्लीच्या करवतींना अशा वेळी साखळी थांबवणारा ब्रेक असतो; आमच्या करवतीला तो नाही. काकी म्हणाली, “अरे, ह्यांच्या हाताला पाच वर्षांची सवय होती, तेव्हा हे झाले. तुझ्या हाताला पाच दिवसांचीही नाही. ह्यांची साखळी ह्यांच्यापाशी राहू दे. तुझी तू आण.”

यावर वाद घालण्याजोगे आमच्यापाशी काही नव्हते. आम्ही गोल कोपऱ्याची, आणि दातांच्या पुढे उंचवट्याचे दुवे असलेली साखळी घेतली. ते दुवे टोकापाशी दाताला खोल शिरू देत नाहीत, त्यामुळे उसळी मारण्याचे भय कमी होते, नाहीसे होत नाही. टोक खुपसून कापण्याचे काम तिने नीट जमत नाही. ते आम्हांला करायचेच नाही. दोन साखळ्या घेतल्या, नवे हेल्मेट घेतले, करवतीपासून मांड्या राखणारी जाड विजार घेतली. सौ.ने या खर्चाची बेरीज दोनदा तपासली.

लाकडाला तोटा नाही, हीच दुःखाची गोष्ट आहे. २००२ साली डेट्रॉइट आणि विंडसर भागात एक हिरवा चकचकीत भुंगा प्रथम आढळला. तो मूळचा पूर्व आशियातला. त्याची अळी अ‍ॅश वृक्षाच्या सालीखाली नागमोडी वाटा कोरते आणि झाडाचा रस तोडते. काकांच्या रानातील अ‍ॅश बहुतेक सारे मेले आहेत. हा रोग पसरू नये म्हणून जळाऊ लाकूड दुसऱ्या भागात नेऊ नये असे येथे सांगितले जाते. तेव्हा ते जेथे वाढले तेथेच, काकीच्या शेगडीत, जायचे. मेलेला अ‍ॅश ठिसूळ होतो, वरच्या फांद्या न सांगता खाली येतात. म्हणून उभी झाडे पाडण्याचे काम आम्ही त्या धंद्यातील माणसांकडे दिले. आडवी पडलेली तेवढी आमची.

सप्टेंबरपासून दर शनिवारी जातो. टाकी दोनदा भरून झाली की धार लावतो: दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने, तीस अंशांत, उजव्या-डाव्या दातांना सारखेच हात. एका बाजूला कमी झाले तर काप वाकडा जातो. भुशाऐवजी जाड ढलप्या उडू लागल्या म्हणजे धार बरोबर लागली असे समजावे, ही खूण वहीतली. त्या ढलप्या काकी टोपलीत गोळा करते, चूल पेटवायला.

पडवीत आतापर्यंत दोन रांगा छातीइतक्या उंच रचून झाल्या आहेत, तिसरीला हात घातला आहे. स्प्रॉकेटचे दात मात्र बरेच झिजले आहेत आणि ते नव्या साखळीला खातील, तेव्हा त्या मापाचा जुना भाग कोणाकडे मिळतो का, याची विचारपूस चालू आहे.