शार्क दिसेपर्यंत

स्टीव्हन स्पीलबर्ग हे नाव आमच्या घरात यायच्या आधी त्याचे डायनोसॉर आले. १९९४ साली 'जुरासिक पार्क' हिंदीत डब होऊन आपल्याकडे लागला, तेव्हा खोपोलीतल्या आमच्या चाळीतली निम्मी पोरं पनवेलला जाऊन तो बघून आली आणि उरलेल्या पोरांना गोष्ट सांगत सुटली. इंग्रजी सिनेमा आपल्याला कळायचा नाही, हा समज त्या एका सिनेमानं मोडला. मला मामानं नेलं. गोष्ट आधीच ऐकून झालेली, त्यामुळे कोण कुणाला खाणार हे ठाऊक होतं. तरी गाडीतल्या ग्लासातलं पाणी थरथरलं तेव्हा मी मामाचा दंड धरला.

ते पाणी हलवायला डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून बांधली होती, हे पुढे कधीतरी वाचलं. तार छेडली की पाण्यावर गोल वलयं उमटायची. सव्वादोन तासांच्या आतबाहेरच्या त्या सिनेमात डायनोसॉर मिळून दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं, आणि त्यातली कॉम्प्युटरवर घडवलेली त्याहूनही कमी. उरलेला वेळ माणसं बघत असतात. पहिला मोठा डायनोसॉर येतो तो प्रसंग आठवा. सॅम नील गाडीत उभा राहतो, चष्मा काढतो, तोंडाचा आ होतो. शेजारी लॉरा डर्न एका पानात गुंतलेली. तो तिचं डोकं हातानं धरून वळवतो. तिचाही आ होतो. आणि मग आपल्याला तो प्राणी दिसतो. आधी बघणाऱ्याचा चेहरा, वस्तू मागाहून. मामा बाहेर आल्यावर म्हणाला, "काय दाखवलंय राव!" वर्षानुवर्षं मीही तेच म्हणत होते. या माणसाची खरी हातोटी दाखवणं लांबवण्यात आहे, हे नंतर केबलवर 'ड्युएल' लागला तेव्हा मनात आलं.

'ड्युएल' हा १९७१चा, टीव्हीसाठी केलेला सिनेमा. स्पीलबर्ग तेव्हा चोवीस वर्षांचा. गोष्ट एका ओळीची: एक साधा विक्रेता लाल मोटारीतून चाललाय आणि एक गंजका टँकर विनाकारण त्याच्या जिवावर उठलाय. टँकरच्या ड्रायव्हरचे बूट दिसतात, खिडकीतून 'पुढे जा' म्हणून हलणारा हात दिसतो, चेहरा शेवटपर्यंत नाही. एक्स्प्रेस वे व्हायच्या आधी बोरघाटातून ज्यांनी एसटीनं प्रवास केला, त्यांना हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. वळणावर मागून हॉर्न वाजवत येणाऱ्या ट्रकच्या काचेमागे कोण आहे, ते आम्हालाही कधी दिसलं नव्हतं.

'जॉज'ची दंतकथा म्हणूनच मला अर्धवट वाटते. ती सगळ्यांना पाठ आहे. सत्तावीस वर्षांचा पोरगा मार्थाज व्हिनयार्ड बेटापाशी, खऱ्याखुऱ्या समुद्रात शूटिंग करायला जातो. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात उतरताच रुसतो. या शार्कचं लाडाचं नाव ब्रूस, स्पीलबर्गच्या वकिलाच्या नावावरून. पंचावन्न दिवसांचं काम १५९ दिवस चालतं, बजेट दुपटीच्या वर जातं, आणि शार्कच चालत नाही म्हटल्यावर नाइलाजानं तो लपवावा लागतो. जॉन विल्यम्सचे दोन सूर आणि पाण्यावरून धावणारी पिवळी पिंपं एवढ्यावर भीती उभी राहते. १९७५च्या जूनमध्ये सिनेमा चारशेहून जास्त थिएटरांत एकदम लागतो, टीव्हीवर जाहिरातींचा मारा होतो, आणि उन्हाळी ब्लॉकबस्टर नावाचा धंदा उभा राहतो.

यातलं सगळं खरं. पण चार वर्षं आधी ट्रकच्या ड्रायव्हरचा चेहरा कुठल्या बिघडलेल्या यंत्रामुळे लपला होता? 'ड्युएल'च्या शेवटी टँकर दरीत कोसळतो तेव्हा जुन्या डायनोसॉरपटातली एक डरकाळी वापरली आहे, आणि 'जॉज'चा शार्क तळाशी जातानाही तीच ऐकू येते. हे त्यानं स्वतः सांगितलंय. म्हणजे दोन्ही जनावरं एकाच जातीची आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ब्रूस बिघडला हे निमित्त. संकलक व्हर्ना फील्ड्स यांना मात्र पूर्ण श्रेय द्यायला हवं. कुठल्या शॉटमध्ये शार्क रबरी दिसायला लागण्याआधी कात्री मारायची, हे त्यांना कळत होतं आणि त्याचं ऑस्करही त्यांना मिळालं.

आता हाळ. खोपोलीजवळच खालापूर तालुक्यात हाळ नावाचं गाव आहे. 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'मधला भारतातला प्रसंग तिथे चित्रित झाला, १९७७च्या सुरुवातीला. आणीबाणीनंतरच्या निवडणुकीची हवा तापलेली, आमचा जिल्हा तेव्हा अजून कुलाबा. पडद्यावर मात्र हे ठिकाण उत्तर भारतातली धर्मशाला आहे! आमच्या चाळीतले एक आजोबा शूटिंग बघायला सायकलनं गेले होते. "काही नाही गं, गोरे लोक सांगायचे, वर बोट करा, की सगळे वर बोट करायचे," एवढंच त्यांचं वर्णन. त्या गोऱ्या लोकांत शास्त्रज्ञाची भूमिका करणारा फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्यूफो होता, हे त्यांना मी सांगितलं. ते बरं म्हणाले.

पण प्रसंग बघावा असाच आहे. हजारोंचा जमाव पाच सुरांची एकच ओळ घोळवत गातोय. हे सूर आले कुठून, असं दुभाष्यामार्फत विचारलं जातं. आणि शेकडो हात एकदम वर जातात, बोटं आभाळाकडे. आभाळ दाखवत नाहीत. आजोबांनी सांगितलं ते तंतोतंत बरोबर होतं, फक्त तेच सिनेमाचं मर्म आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

कॉलेजात हा सिनेमा पाहिला तेव्हा शेवट मला अगदी पटला होता. नायक रॉय यानात बसून निघून जातो. लेकीची आई झाल्यावर परत पाहिला आणि म्हटलं, अरे, याची तीन मुलं घरी आहेत ना? स्पीलबर्गनंही नंतर कबूल केलं, की स्वतः बाप झाल्यावर त्यानं असा शेवट केला नसता. १९८२च्या 'ई.टी.'त तर बाप नाहीच. तो मेक्सिकोला आहे, दुसऱ्या बाईबरोबर, एवढंच जेवणाच्या टेबलावर निघतं आणि आईचा चेहरा पडतो. त्या सिनेमात आई सोडली तर मोठ्या माणसांचे चेहरे बराच वेळ दिसतच नाहीत. कमरेला लटकणाऱ्या किल्ल्या दिसतात, टॉर्चचे झोत दिसतात. कॅमेरा मुलाच्या उंचीवर. इथेही भीतीला चेहरा नाही, फक्त आता ती घराच्या जवळ आली आहे.

'टेम्पल ऑफ डूम'बद्दल फार लिहायची इच्छा नाही. माकडाचा मेंदू वाढणारी ती मेजवानी बघून आजही डोकं फिरतं. पटकथेवर आक्षेप घेऊन आपल्या सरकारनं चित्रीकरणाची परवानगी नाकारली, मग ते श्रीलंकेत झालं. अमरीश पुरी मात्र डोकं तासून असे उभे राहिलेत की अख्ख्या सिनेमात लक्षात राहतात ते तेच.

'शिंडलर्स लिस्ट' पुण्यात एका फिल्म क्लबात पाहिला. दिवसा क्राकूमध्ये हे चित्रीकरण आणि रात्री उपग्रहावरून 'जुरासिक पार्क'च्या संकलनाचं काम, असं १९९३मध्ये या माणसाचं चाललं होतं. कसं जमलं असेल, देव जाणे. नाझी ज्यूंची वस्ती रिकामी करतात तो प्रसंग मी दुसऱ्यांदा पाहू शकलेले नाही. पण एका ठिकाणी मी त्याच्याशी भांडते. आउशवित्झमध्ये बायकांना न्हाणीघरात कोंडतात, दिवे जातात, आपण श्वास रोखतो, आणि वरून पाणी येतं. ही 'जॉज'ची युक्ती आहे. न दिसणाऱ्या गोष्टीची धास्ती वाढवायची आणि मग सोडून द्यायची. तिथे ती नको होती. त्या खोल्यांत खरोखर काय झालं ते माहीत असताना प्रेक्षकाच्या काळजाशी असा खेळ मला बरा वाटत नाही. याच सिनेमानंतर त्यानं शोआ फाउंडेशन काढलं आणि छळातून वाचलेल्या हजारो माणसांच्या साक्षी कॅमेऱ्यावर नोंदवून घेतल्या. तिथे मात्र माणूस सरळ समोर बसून बोलतो, लपवालपवी नाही.

मग २०२२चा 'द फेबलमन्स', त्याच्या स्वतःच्या घराची गोष्ट. तो मी आईबरोबर पाहिला. सिनेमावेडा सॅमी कुटुंबाच्या कॅम्पिंगची फिल्म कापायला बसतो. छोट्या यंत्रावर रीळ पुढे-मागे फिरवतो. पुढे बहिणी, बाप, शेकोटी. आणि चौकटीच्या मागच्या बाजूला आई आणि बाबांचा मित्र, जरा जास्तच जवळ. तो रीळ मागे घेतो, परत बघतो. घरातल्या कुणालाही न दिसलेलं त्या पोराला यंत्रानं दाखवलं. ती फीत तो कापून वेगळी करतो आणि बाकीच्यांना स्वच्छ सिनेमा दाखवतो.

प्रत्यक्षात आईवडिलांच्या घटस्फोटाचा दोष स्पीलबर्गनं कित्येक वर्षं वडिलांवर ठेवला होता. इंजिनिअर असलेले आर्नल्ड गप्प राहिले, मुलांच्या नजरेतून बायको उतरू नये म्हणून. आई लीआ २०१७मध्ये गेली, वडील २०२०मध्ये, वयाच्या १०३व्या वर्षी. दोघंही गेल्यावर सिनेमा आला. माझी आई हे ऐकून वैतागली. "त्याला माहीत होतं ना सगळं? मग बापाशी धड का वागला नाही?" मी म्हटलं, आईवर रागावणं जमलं नसेल. "हं," ती म्हणाली, "बाप बिचारा आयताच सापडतो."

एवढं सगळं झाल्यावर सिनेमा संपतो तो चक्क विनोदावर. म्हातारा जॉन फोर्ड (काम डेव्हिड लिंचनं केलंय) पोराला खेकसून शिकवतो, की क्षितिज चौकटीत वर ठेव नाहीतर खाली ठेव, मध्ये ठेवलंस तर कंटाळवाणं. पोरगा स्टुडिओच्या गल्लीतून उड्या मारत चाललाय, क्षितिज बरोब्बर मध्ये, आणि कॅमेरा एकदम गचका खाऊन ते खाली घेतो. मी खो खो हसले. आई चष्मा पुसत होती. म्हणाली, "एवढा मोठा माणूस, आणि शेवटी कॅमेरावाल्याचा हात हललाच."