एक अधिक एक किती?

दक्षिण कोरियात 2013 साली हारी या गायिकेचे 'ग्वियोमी' गीत आले आणि पाहता पाहता थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्सपर्यंतची मुलेमुली त्याच्या नकला करून आपल्या चित्रफिती आंतरजालावर टाकू लागली. ग्वियोमी म्हणजे गोड, लाडके माणूस. त्यातले हावभाव 2012 मध्येच 'बीटूबी' या गायकवृंदातील इलहूनने दूरचित्रवाणीवर करून दाखवले होते. एकापासून सहापर्यंतच्या बेरजा म्हणत बोटे गालांशी न्यायची. उत्तर प्रत्येक वेळी एकच : ग्वियोमी. सहाच्या बेरजेला बोटांचे पापे. त्याचा लाडिक सूर मला फार वेळ सोसवत नाही, हेही सांगून टाकतो.

तरीही स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांकडे गेलो की मला त्याची आठवण होते. अशा घरांत दिवसभर परीक्षा चाललेली असते. 'मी कोण, ओळखा बरं?' 'आज वार कोणता?' 'सकाळी काय खाल्लंत?' विचारणाऱ्याच्या मनात माया असते, भीतीही असते. परंतु अल्झायमरमध्ये बहुधा अलीकडची स्मृती आधी जाते. म्हणजे जे उरलेले नाही, नेमके तेच आपण मागतो. आम्ही डॉक्टरही तारीख विचारतो, 100 मधून सात-सात वजा करायला लावतो. पण ते तपासणीपुरते. घरी तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून गेलेली स्मृती परतत नाही. प्रश्न विसरला जातो, चुकल्याची लाज मात्र पुष्कळदा मागे रेंगाळते. त्यापेक्षा आपणच सांगावे : 'बाबा, मी तुमची सून. चहा आणलाय.'

माझ्या एका रुग्णाच्या, निवृत्त गणितशिक्षकांच्या नातीने एकदा त्यांच्यासमोर हे गाणे लावले. पहिल्याच बेरजेला गुरुजी करड्या आवाजात म्हणाले, "दोन!" नात म्हणाली, "नाही आजोबा, ग्वियोमी." त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिले आणि ते खो-खो हसू लागले. दुसऱ्या बेरजेला मुद्दाम मोठ्याने "चार!" तिसऱ्या बेरजेला मात्र थरथरते बोट गालाशी गेले. महिनाभरात त्यांना इतके मोकळे हसताना मी पाहिले नव्हते.

सूनबाईंनी चित्रण करायला मोबाइल उचलला. मी म्हणालो, "आधी त्यांना विचारा." त्यांनी विचारले. गुरुजींनी मान हलवून नकार दिला. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि चौथ्या बेरजेपासून त्याही सामील झाल्या.