उतरल्यापासून चढेपर्यंत

प्रवासवर्णनांच्या पुस्तकांत एक गंमत असते. विमान वर उडाले की लेखकाला कापसासारखे ढग दिसू लागतात आणि बोटीवर पाऊल ठेवले की लगेच सूर्यास्त होतो. पण विमानातून उतरल्यापासून बोटीवर चढेपर्यंत त्या बिचाऱ्याचे काय झाले, हे कोणी चार ओळींतही सांगत नाही. लग्नाच्या आल्बमात अंतरपाट असतो, सप्तपदी असते, पंगत असते. पण ऐनवेळी हार कमी पडले म्हणून दादरच्या फुलबाजारात धावलेला मामेभाऊ त्यात कुठेच नसतो. तशातलाच हा प्रकार.

मी तो मामेभाऊ आहे. म्हणजे बोटीच्या सहलीला मी गेलो नाही, पण जाणाऱ्यांना विमानतळावरून धक्क्यापर्यंत नेले. त्या मधल्या वीस-पंचवीस किलोमीटरांवर माझा थोडा हक्क आहे.

पूर्वी बोट ही कुठेतरी पोचण्यासाठी असे. कोकणातला माणूस भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसे तो गावी जायला. तिच्यात घामाचा वास, कोंबड्यांची कलकल आणि पोटातली मळमळ ही तिकिटातच आलेली असत. आता बोट हेच गाव झाले आहे. लोक तिच्यावर जातात, जेवतात, नाचतात, गोवा किंवा लक्षद्वीप लांबून-जवळून पाहतात आणि परत येतात. मुंबईहून अशा सहलींच्या बोटी सुटू लागल्या आणि 2025 च्या सप्टेंबरात बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही झाले. गावोगावचे लोक सकाळी विमानाने मुंबईत उतरतात आणि संध्याकाळी समुद्रावर असतात. हे सारे मोठे देखणे आहे. अडचण एकच. विमानाला बोट ठाऊक नसते आणि बोटीला विमान.

साहेबाच्या राज्यात तसे नव्हते. बॅलार्ड पिअरवर धक्क्याला लागून चक्क रेल्वेचे स्टेशन होते. विलायतेची डाक घेऊन येणाऱ्या बोटीतून उतरलेला उतारू चार पावले चालला की गाडीच्या डब्यात. 1928 मध्ये सुरू झालेली फ्रंटिअर मेल बोटींच्या हंगामात तिथूनच पेशावरकडे निघत असे. बोटीसाठी गाडी होती आणि गाडीसाठी बोट. दोघींची वेळापत्रके सख्ख्या जावांसारखी एकमेकींवर नजर ठेवून असत. दुसऱ्या महायुद्धानंतर ते स्टेशन इतिहासजमा झाले. आता त्या दोघींच्या मधे टॅक्सी असते, सिग्नल असतो आणि माझ्यासारखा एखादा पुतण्या असतो.

माझे काका नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटचे. शेतीत जन्म गेला. मुलगा बंगळूरला. थंडीचे दोन महिने काका-काकू त्याच्याकडे राहायला गेले होते. तिथून परस्पर मुंबईला विमानाने यायचे, त्याच दिवशी बोटीवर चढायचे, आणि परत आल्यावर गाडीने गावी, असा बेत मुलाने आखला. खर्च त्याचा, तिकिटे त्याची. माझ्याकडे फक्त मधला तुकडा.

काकूंना काचबिंदू आहे. एक डोळा गेलेला, दुसऱ्याला समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही. औषधाचे थेंब वेळच्या वेळी घातले तर आहे तेवढी नजर टिकेल. गेलेली परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. काकूंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पाणी म्हणजे त्यांना ठाऊक होती ती तापी, प्रकाशाला पर्वणीच्या स्नानाला जाताना दिसणारी. म्हणून ही सहल. मुलाने फोनवर मला एवढेच सांगितले, "दादा, पुढच्या वर्षी जाऊ असं म्हणण्यासारखं हे काम नाही."

विमान साडेदहाला उतरायचे होते. बोटीची नोंदणी तीनला बंद होणार होती आणि बोट पाचला सुटणार होती. कागदावर साडेचार तास हाताशी होते. पण त्या सकाळी बंगळूरला धुके पडले. मी विमानतळाबाहेर उभा राहून पाटीवरची वेळ बदलताना पाहत होतो. साडेदहाचे साडेअकरा झाले, साडेअकराचे साडेबारा. आमच्याकडे श्राद्धाच्या भटजींची वाट पाहतात तशी मी त्या विमानाची वाट पाहिली. मधे बोटवाल्यांना फोन केला. पलीकडचा आवाज फार गोड होता. "सर, आपण वेळेत या." मी म्हटले, "विमान वेळेत आले नाही." आवाज म्हणाला, "हो सर, पण आपण वेळेत या."

यात त्या आवाजाचा दोष नाही, हे मला नंतर कळले. बोट काही कप्तानाच्या मर्जीने थांबत नाही. तिला बंदरातून बाहेर काढायला बंदराचा पायलट ठरलेल्या वेळी चढतो, ओढायला टग बोटी बांधलेल्या असतात, धक्का दुसऱ्या बोटीला दिलेला असतो आणि पुढच्या बंदरातही हीच सारी मंडळी ताटकळत असतात. विमान आणि बोट एकाच कंपनीमार्फत घेतले असेल तर निदान तुम्ही कुठे अडकला आहात हे कोणाला तरी ठाऊक असते. तिकिटे वेगवेगळी काढली की मधली जबाबदारी तुमची. म्हणून जाणते प्रवासी आदल्या दिवशीच बंदराच्या गावात येऊन झोपतात. एका रात्रीचे हॉटेल महाग वाटते खरे, पण सुटलेल्या बोटीपेक्षा स्वस्त पडते.

विमान एक वाजून वीस मिनिटांनी उतरले. काका-काकू बाहेर आले तेव्हा दोन वाजायला आले होते, कारण काकूंची बॅग पट्ट्यावर सर्वांत शेवटी आली. ओळखू यावी म्हणून तिला त्यांनी मिरचीसारख्या लालभडक कापडाची चिंधी बांधली होती. नंदुरबारचा माणूस मिरचीला कुठेही विसरत नाही.

"आते काय करानं?" काकांनी विचारले. आवाजात घाई नव्हती. मी रागावणार तोच ते म्हणाले, "अरे, लांबून आपण दिसलो की थांबतील ते." कोरीटकडे जाणाऱ्या एस.टी.चा त्यांचा अनुभव तसा होता. शेताच्या बांधावरून एखादी म्हातारी हात हलवत धावताना दिसली की ड्रायव्हर ब्रेक दाबतो, कंडक्टर दार उघडतो आणि आतले लोक सरकून जागा करतात. पाच हजार खिडक्यांच्या बोटीलाही आरसा असेल आणि त्यात आपण दिसू, असे काकांना मनापासून वाटत होते. मला ते खोडून काढवेना.

आता मार्ग. 2025 च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो विमानतळावरून थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत आणि पुढे कफ परेडपर्यंत जाते. एकटा असतो तर डोळे मिटून मेट्रोत बसलो असतो, कारण भुयारात सिग्नल नडत नाही. पण दोन मोठ्या बॅगा, काकांचे गुडघे आणि काकूंची नजर घेऊन सरकते जिने चढणे-उतरणे आणि वर आल्यावर पुन्हा टॅक्सी शोधणे शक्य नव्हते. टॅक्सीवाले चाचा म्हणाले, "माहीमने जाऊ नका, चेंबूरने जाऊ." सांताक्रूझ-चेंबूर रस्ता धरायचा आणि पुढे 2013 मध्ये सुरू झालेला ईस्टर्न फ्रीवे. लांबून वळसा, पण वरून वाट मोकळी. मी मान डोलावली.

फ्रीवेवर टॅक्सी चढली तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते. डाव्या हाताला बंदराचा पसारा सुरू झाला. शिवडीच्या चिखलात थंडीत रोहित पक्षी उतरतात, ते काकांना दिसले. त्यांनी काकूंचे तोंड हळूच त्या बाजूला वळवले. "गुलाबी दिसतंय ना, ते." काकू बराच वेळ पाहत राहिल्या. मी घड्याळ पाहत होतो. तिघांपैकी प्रवास फक्त दोघेच करत होते.

ऑरेंज गेटला उतरल्यावर कंटेनरच्या मालमोटारी रांगेत उभ्या. दोन छत्तीस. दोन एक्केचाळीस. चाचांनी इंजिन बंद केले आणि तंबाखू मळायला घेतली. मला त्यांचा संताप आला, पण त्या मळण्यातच रांग हलली. बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारती आल्या. गोदी खोदताना निघालेल्या मातीने समुद्र बुजवून ही जागा झाली आणि गेटवे ऑफ इंडिया बांधणाऱ्या जॉर्ज विटेटने तिला रूप दिले. एरवी मी हे काकांना रंगवून सांगितले असते. त्या दिवशी मला प्रत्येक इमारतीचा फक्त रागच आला, की ही संपत का नाही.

फाटकाशी पोचलो तेव्हा तीनला नऊ मिनिटे होती.

तिथून पुढे मला प्रवेश नव्हता. पोचवायला आलेल्याने बाहेरच थांबायचे. मोठ्या बॅगांना चिठ्ठ्या लागल्या आणि त्या आत गेल्या; खोलीत पोचायला त्यांना संध्याकाळ होते, म्हणून ओळखपत्रे, औषधे आणि काकूंचे थेंब आधीच हातातल्या पिशवीत घेतले होते. यंत्रातून पिशवी गेली आणि थांबली. आत स्टीलचा डबा होता. बंगळूरहून पहाटे करून आणलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. घरचे शिजवलेले बोटीवर चालत नाही, असे शिपायाने अदबीने सांगितले. काकू क्षणभर गोंधळल्या; जेवणाविना चार दिवस कसे काढायचे, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर दिसत होता. मग त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "तू सकाळपासून उपाशी असशील." मी खरोखरच उपाशी होतो.

ती दोघे आत गेली. काकांनी काकूंच्या कोपराला धरले होते. वळणावर काकांनी मागे पाहून हात हलवला. काकूंनीही हलवला, पण मी उभा होतो त्याच्या जरा डावीकडे.

त्या भाकरी मी बॅलार्ड इस्टेटच्या एका बंद ऑफिसच्या पायरीवर बसून खाल्ल्या. ठेच्याने डोळ्यांत पाणी आले, असे मी घरी सांगितले.

चौथ्या दिवशी मी त्यांना आणायला पुन्हा त्याच फाटकाशी गेलो. बोटीवरचे नाच, जादूचे प्रयोग, बत्तीस प्रकारचे जेवण यांबद्दल काका टॅक्सीत बोलत होते. काकू गप्प होत्या. शेवटी मीच विचारले, "काकू, समुद्र दिसला का?"

"दिसला," त्या म्हणाल्या. "बाजूचं नाही दिसत मला. पण त्याला बाजूच नव्हती रे." थोड्या वेळाने त्यांनी काकांना विचारले, "आपली तापी यातच येते ना?"

"सुरतेच्या खाली, डुमसजवळ येते," काका म्हणाले. "पण आत गेल्यावर पाणी काय पाटी लावून राहतं?"

नंदुरबारच्या गाडीला अजून तीन तास होते. मी म्हटले, घरी चला, जेवा, मग निघू. काकांनी ठाम नकार दिला. आम्ही तिघे सरळ स्टेशनवर जाऊन बाकावर बसलो आणि गाडीची वाट पाहिली.