काओरची ‘काळी’ वाइन
नैर्ऋत्य फ्रान्समधल्या काओर गावाला लॉट नदीने तीन बाजूंनी वेढले आहे. चौदाव्या शतकातला तीन बुरुजांचा पूल पाहून झाला, की पाय आपोआप खाणावळीकडे वळतात. माल्बेक द्राक्षांची इथली वाइन इतकी गडद, की तिचे नावच ‘काळी वाइन’! नुसती प्याल तर कच्च्या जांभळासारखी जीभ आवळते. पण बदकाच्या चरबीत मंद आचेवर शिजलेली तंगडी समोर आली, की तोच तुरटपणा हवाहवासा वाटतो. कोकराचे मांसही चालते. नाजूक मासळीशी मात्र हिचे जमत नाही. १९५६च्या कडाक्याच्या थंडीत बहुतेक द्राक्षमळे करपले. शेतकऱ्यांनी नेटाने पुन्हा वेली लावल्या आणि १९७१ साली वाइनला सरकारी मानांकन मिळवले. या मुलखातले जुने लोक तळाशी उरलेल्या सुपात थोडी वाइन ओततात आणि सरळ वाडगाच तोंडाला लावतात.