बल्ब ओला हवा

जुन्या डिझेल जीपला बाहेरून आणलेलं टेम्परेचर मीटर बसवणं एका दुपारचं काम आहे. त्याचा बल्ब, म्हणजे पाण्याचं तापमान घेणारं टोक, कुठे बसवायचा, हा वाद मात्र मी उमेदवारी करत होतो तेव्हापासून चालू आहे, आणि बहुतेक वेळा तो मी एकटाच घालत असतो.

कल्याणला मुरबाड रोडवर अजून ज्या जुन्या महिंद्रा माझ्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याच प्यूजो इंजिनच्या. एक्सडीपी 4.90, 2112 सीसी, 90 मिलिमीटर बोअरचे चार सिलिंडर. हे इंजिन महिंद्रा इगतपुरीला बनवायची, म्हणजे कसारा घाटाच्या माथ्यावर. घाटात जन्मलेलं इंजिन घाटातच तापतं, हा ड्रायव्हर लोकांचा जुना टोमणा. खरं तर घाटाइतकंच ते शिळफाट्याला तापतं. पहिल्या गिअरमध्ये तासभर रांगायचं, फॅन सावकाश फिरतोय, पुढच्या ट्रेलरचा गरम धूर थेट रेडिएटरवर. डॅशबोर्डवरचा मूळ काटा तोवर कधीच मेलेला असतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, मिस्त्री, एक चांगलं मीटर टाकून द्या.

मला स्वतःला मीटर कधी लागलं नाही. निदान मी तसं सांगत असे, आणि लोक मानत. वरचा होज मुठीत धरायचा. हात लावताच झटकावा लागला तर नव्वदच्या पुढे, क्षणभर टिकला तर सत्तर. होज फुगून कडक झाला असेल तर आत प्रेशर, मऊ असेल तर झाकण गेलंय. गिऱ्हाइकासमोर हे करताना मी थोडा वेळ जास्तच लावत असे, पुढच्या चार दुकानांनाही दिसावं म्हणून.

यंदा साखरेने बोटांची टोकं बधिर केली. होज धरून मी एका माणसाशी बोलत राहिलो आणि गॅरेजमधल्या पोराने माझं मनगट धरून हात बाजूला केला. ‘काका, भाजतंय तुम्हाला.’ तळव्यावर लाल पट्टा उठला होता, मला काही जाणवलं नव्हतं. तेव्हापासून मीटर हा माझ्यासाठी गिऱ्हाइकाचा हट्ट राहिला नाही, आणि बल्बच्या जागेचा वाद जास्तच चिघळला.

सगळ्यात सोपी जागा वरच्या होजमधली. होज कापायचा, मध्ये अॅल्युमिनियमचा अडॅप्टर, दोन क्लॅम्प, झालं. अॅक्सेसरीवाली पोरं हेच करतात आणि वर निळ्या आकड्यांचं डिजिटल मीटर लावून पैसे घेतात. दिसायला छान दिसतं. पण ती जागा थर्मोस्टॅटच्या पलीकडे आहे. थर्मोस्टॅट 82 ला उघडेपर्यंत तिथे गरम पाणी येतच नाही. तो बंद अवस्थेत अडकला तर आत इंजिन उकळत असतं आणि निळे आकडे पन्नास सांगत असतात. शिवाय होज रबराचा, म्हणजे अडॅप्टरला विजेचा अर्थ मिळत नाही. वेगळी वायर ओढावी लागते. ती ओढलेली मी क्वचितच पाहिली आहे. हेडलाइट लावला की आकडा हलतो, अशी तक्रार घेऊन त्या गाड्या मग माझ्याकडे येतात.

दुसरी जागा थर्मोस्टॅटच्या अलीकडे, हाउसिंगच्या खाली, जिथे मूळ सेन्सर असतो. ही माझी जागा. इथेही लोक मूळ सेन्सर वाचवायला टी-फिटिंग लावतात आणि बल्ब त्या टीच्या बोळात जाऊन बसतो. तिथलं पाणी फिरत नाही. बल्बला वाहतं पाणी लागलं पाहिजे. म्हणून मी हाउसिंग काढून लेथवाल्याकडे नेतो, वेगळं भोक पाडून आटे मारून घेतो, पितळी अडॅप्टर बसवतो. आटे निमुळते की सरळ हे बघितल्याशिवाय पाना लावायचा नाही; अॅल्युमिनियमला एकदा भेग गेली की हाउसिंग भंगारात.

मीटर मी कॅपिलरीचंच लावतो. बल्बमध्ये इथर, ते तापून वाफ होते, वाफेचा दाब बारीक नळीतून मीटरमधल्या वाकड्या नळीत जातो, ती सरळ व्हायला बघते आणि काटा ढकलते. ही वाकडी नळी बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने 1849 मध्ये पेटंट केली. ना बॅटरी, ना अर्थ. वाफेचा दाब गरम बाजूला झपाट्याने वाढतो, त्यामुळे डायलवर थंड आकडे दाटीने आणि गरम आकडे मोकळे छापलेले असतात, म्हणजे जिथे नीट बघायचं तिथेच जागा. फक्त ती नळी कापता येत नाही, जोडता येत नाही, दुमडली की मीटर गेलं. इंजिनजवळ दोन सैल वेढे ठेवायचे म्हणजे थरथर तिथेच जिरते, आणि फायरवॉलमधून नेताना रबरी ग्रोमेट हवाच. बसवण्याआधी पातेल्यात पाणी उकळवून बल्ब बुडवतो. कल्याण समुद्रसपाटीच्या जवळ, पाणी शंभरला उकळतं; काटा जिथे थांबेल तिथे काचेवर खूण करतो. नव्या मीटरची ही खूण छापील शंभरवर आलेली मी फारशी पाहिलेली नाही.

एवढं करूनही एक गोष्ट सुटत नाही, तीच मला झोपू देत नाही. पाणी गेलं तर? टोकावडे मागे टाकून गाडी माळशेज चढतेय, खालचा होज फाटलाय, पाणी रस्त्यावर सांडतंय. रेडिएटरच्या 0.9 बारच्या झाकणाखाली पाणी 118 च्या आसपास उकळतं. होज फाटला की दाब गेला, आणि माथ्यावर, सातेकशे मीटरवर, तर ते 98 च्या आत उकळणार. पातळी खाली जाते आणि वर बसवलेला बल्ब उघडा पडतो. त्याला आता हवा आणि वाफ लागते. काटा शंभरपर्यंत जातो, थबकतो आणि खाली यायला लागतो. नव्वद. ऐंशी. ड्रायव्हर म्हणतो, वारा लागला, थंड झाली. वर पोचेपर्यंत हेड वाकलेलं असतं. मीटर खोटं बोललं नाही. त्याने हवेचं तापमान बरोबर सांगितलं.

यावर मी बल्ब खाली नेऊन पाहिला, हेडच्या मागे हीटरच्या बंद तोंडात घालून पाहिला. कुठेही न्या, पाणी गेलं की तो कोरडाच.

नव्या गाड्यांबद्दल विचारू नका. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दाम मधोमध खिळवलेला असतो, आत ऐंशी असो की शंभर. काटा हलला की मालक सर्व्हिस सेंटरला धावतो, म्हणून. काहींना काटाच नाही, निळा दिवा आणि लाल दिवा. आणि आमच्यातलेच काही मिस्त्री आजही गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकतात. त्यांच्या गाड्या थंडीत पांढरा धूर सोडत फिरतात, पण त्यांचं नाव होतं.

तर तो पोरगा. अंबरनाथच्या आयटीआयचा, कमी बोलतो. एके दिवशी म्हणाला, ‘काका, पाण्याचं सोडा. लोखंडच मोजू ना.’ एका रिंगसारख्या टर्मिनलमध्ये छोटा सेन्सर दाबून तो हेड बोल्टखाली घालणार होता. मी ओरडलो, हेड बोल्टच्या वॉशरशी खेळायचं नाही, टॉर्क बदलतो. त्याने निमूटपणे हेडच्या उचलायच्या हुकाचा बोल्ट काढला आणि तिथे लावला. पाणी असो-नसो, धातू तापला की आकडा चढतोच. अमेरिकेत फोर्डने नव्वदच्या दशकातच काही इंजिनांत हे केलं होतं, हेही त्यानेच मला ऐकवलं. मला ते माहीत असायला हवं होतं, असं त्याचा चेहरा म्हणत नव्हता. मलाच तसं दिसलं.

पहिल्या आठवड्यात मी त्यात खोड्या काढल्या. धातूचा आकडा पाण्यापेक्षा वर राहतो, ड्रायव्हर घाबरेल. रंग लावलेल्या जागेवर बसवलास तर कमी दाखवेल. विजेचं आहे, अर्थ लागतो. सगळं खरं होतं, आणि त्याने सगळं दुरुस्त केलं.

आता आम्ही दोन्ही लावतो: माझा बल्ब पाण्यात, त्याची रिंग हुकावर. दोघांचा आकडा एकत्र चढला तर गाडी तापतेय. माझा उतरला आणि त्याचा चढला तर तिथेच इंजिन बंद करायचं, पुढचं वळणही घ्यायचं नाही. हे मी चावी देताना ड्रायव्हरकडून वदवून घेतो. गेल्या महिन्यात मुरबाडच्या एका भाजीवाल्याने विचारलं, दोन-दोन मीटर कशाला, ही आयडिया कोणाची? पोरगा शेजारीच पाने पुसत होता. मी म्हणालो, आपल्या गॅरेजची.